अनवाणी वॉटर स्कीइंगसाठी बोट कशी निवडावी? इंजिन नंतर बघा, आधी मागचं पाणी बघा

मोबाईलवर हा व्हिडिओ अनेकांनी पाहिला असेल. भरधाव बोटीमागे दोरी धरून एक माणूस पाण्यावरून घसरत चाललाय. पायाखाली फळी नाही, पट्टी नाही, नुसते तळवे. दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे उडतायत आणि हा जणू डांबरी रस्त्यावर उभा असावा तसा ताठ. या खेळाला बेअरफूट वॉटर स्कीइंग म्हणतात, म्हणजे अनवाणी पायांनी पाण्यावर घसरणं.

आपल्याकडे हा खेळ अजून फारसा रुळलेला नाही. पण कोकण किनाऱ्यावर पॅरासेलिंग, बनाना राइड, जेट स्की आता घरोघरी माहीत आहेत. दुबई, अबुधाबी, दोहा, कुवेतहून सुट्टीवर येणारी आपली मुलं तिथले पाण्यावरचे खेळ पाहून येतात. मग घरात विषय निघतोच, "आपण पण एक स्पीडबोट घेऊया का? पर्यटकही येतील, आपणही शिकू."

विचार चांगला आहे. पण बोट ही काही लाखांची वस्तू आहे. अनेक घरांत तो पैसा म्हणजे कुणाच्या तरी परदेशातल्या दहा-पंधरा वर्षांची कमाई असते. शिवाय दोरीच्या टोकाला कुणाचा तरी मुलगा किंवा मुलगी असणार. म्हणून अनवाणी स्कीइंगसाठी चांगली बोट म्हणजे नेमकी कशी, हे आम्ही इथे सविस्तर सांगत आहोत. हे समजलं की ओढण्याची कुठलीही बोट घेताना उपयोगी पडेल, मग खेळ अनवाणी असो की पट्ट्यांवरचा.

खेळ आला कुठून?

वॉटर स्कीइंगची सुरुवात १९२२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात लेक पेपिन इथे झाली. राल्फ सॅम्युएलसन नावाच्या अठरा वर्षांच्या मुलाने लाकडी पट्ट्या पायाला बांधून बोटीमागे उभं राहून दाखवलं. पट्ट्या काढून टाकायची कल्पना त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १९४७ मध्ये, फ्लोरिडातल्या विंटर हेवन गावात प्रत्यक्षात आली. तिथे ए. जी. हॅनकॉक आणि डिक पोप ज्युनियर हे तरुण उघड्या पायांवर घसरले. पुढे ऑस्ट्रेलियात या खेळाला मोठं वेड लागलं. पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७८ मध्ये तिथेच, कॅनबेरा शहरात झाली.

हा फक्त तरुणांचा खेळ आहे असंही नाही. 'बनाना जॉर्ज' या टोपणनावाने ओळखले जाणारे अमेरिकेचे जॉर्ज ब्लेअर (१९१५–२०१३) अनवाणी स्कीइंग शिकले ते वयाच्या शेहेचाळीसाव्या वर्षी आणि पुढे कित्येक दशकं ते पाण्यावर दिसत राहिले.

स्पर्धेत तीन प्रकार असतात : कसरती, बोटीमागच्या लाटा पुन्हा पुन्हा ओलांडणं, आणि उतरत्या फळीवरून उडी. कसरती आणि लाटा ओलांडणं या दोन्हींत प्रत्येक फेरीला फक्त १५ सेकंद मिळतात. या १५ सेकंदांत खेळाडूच्या पायाखाली मैदान असतं ते बोटीने मागे सोडलेलं पाणी. क्रिकेटमध्ये खेळपट्टी जशी, तसं इथे हे पाणी. आणि ही खेळपट्टी तयार करते बोट. चांगली बोट कोणती या प्रश्नाचं उत्तर इथूनच सुरू होतं.

आधी वेगाचं गणित

तळव्यांवर माणूस बुडत कसा नाही? पाण्यावरून वेगाने जाताना पाणी तळव्याला वर ढकलतं. हा जोर दोन गोष्टींवर ठरतो, पाण्याला टेकलेली जागा किती आणि वेग किती. पट्ट्या असतील तर जागा भरपूर असते, म्हणून ताशी ३०-४० किलोमीटरलाही माणूस आरामात उभा राहतो. तळव्याची जागा त्यामानाने फारच लहान. ती कमतरता वेगाने भरून काढावी लागते. सुदैवाने वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो.

खेळाडू यासाठी एक जुना ढोबळ नियम वापरतात. तो मूळ पौंड आणि मैलांत आहे. किलोत बसवला तर असा होतो : वजनाला ०.३५ ने गुणा, त्यात ३२ मिळवा, येईल तो ताशी किलोमीटरमधला वेग. म्हणजे ५० किलोच्या मुलाला साधारण ५० किलोमीटर, ७० किलोच्या माणसाला ५७, तर ९० किलोच्या माणसाला ६४. पाय मोठे असतील तर थोडा कमी चालतो, लहान असतील तर थोडा जास्त लागतो.

त्यामुळे बोट बघताना पहिला प्रश्न हा : बोटीत चालक आणि एक निरीक्षक बसलेले, टाकी भरलेली, मागे माणूस ओढला जातोय, अशा अवस्थेत ही बोट ताशी ७० किलोमीटर गाठते का? रिकामी बोट, एकटा चालक आणि शांत पाणी अशा वेळी दाखवलेला वेग काही कामाचा नाही. विक्रेता नेमका तोच दाखवतो.

दुसरा प्रश्न वेग किती पटकन येतो याचा. पाण्यात पडलेला खेळाडू पाठीवर घसरत सुरुवात करतो, मग बसतो, मग उभा राहतो. बोट रेंगाळली की तेवढा वेळ पाणी त्याच्या तोंडावर आणि छातीवर आपटत राहतं, हात दुखून येतात आणि उभं राहायच्या आधीच तो दोरी सोडून देतो. म्हणून वरचा वेग आणि उचल, दोन्ही लागतात. हा तोल बऱ्याच अंशी पंख्यावर, म्हणजे प्रोपेलरवर ठरतो. पंख्याच्या पात्याचा पीळ जास्त असेल तर वरचा वेग वाढतो पण उचल मंदावते, पीळ कमी असेल तर उलट. कधी कधी नवीन इंजिन घेण्यापेक्षा योग्य पंखा बसवणं खूप स्वस्त पडतं.

बोटीच्या मागे उभं राहून बघा

बोट पुढे जाते तेव्हा मागे पाणी फाटतं आणि दोन्ही बाजूंना लाटांचे कंगोरे तयार होतात. खेळाडू याला 'वेक' म्हणतात. अनवाणी खेळाडूला हे कंगोरे बुटके, मऊ हवेत आणि मधला पट्टा टेबलासारखा सपाट हवा. ताशी ५७ किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास १६ मीटर. या वेगात वितभर उंचीचा टणक कंगोरासुद्धा ठेच लागल्यासारखा पायात अडकतो. पायाचं बोट पाण्यात रुतलं की माणूस तोंडावर आपटतो.

वेक कशाने लहान होतो? एक, वजनाने. हलकी बोट कमी पाणी बाजूला सारते. दोन, तळाच्या आकाराने. तळ जितका सपाटीकडे झुकलेला तितका वेक बुटका, खोल व्ही आकाराचा असेल तर वेक मोठा. तीन, वेगाने. बोट जोरात गेली की तळ पाण्याबाहेर उचलला जातो आणि लाटा आपोआप खाली बसतात. चार, आतल्या माणसांमुळे. मागच्या बाकावर चार मित्र कोंबले की बोटीचं बूड खाली बसतं आणि चांगल्या बोटीचाही वेक बिघडतो. सराव करताना चालक आणि निरीक्षक, बास. बाकीच्यांनी किनाऱ्यावर चहा घ्यावा.

आणखी एक गोष्ट नीट बघा, मधल्या पट्ट्यातला फेस. पंखा पाणी घुसळतो आणि त्यात हवा मिसळते. फेसाळ पाणी पायाला आधार देत नाही, तळवे खाली जातात. काही बोटींचा वेक बुटका असतो पण मधे फेसाची उकळी असते. चाचणीच्या वेळी बोटीत मागे तोंड करून बसा आणि खेळाडू जिथे असेल तिथलं पाणी डोळ्यांनी पाहा. दोरी साधारण २३ मीटरची असते, तेव्हा तेवढ्या अंतरावर नजर ठेवा. मोबाईलवर व्हिडिओ काढून घरी सावकाश पाहिलात तर आणखी चांगलं.

इंजिन किती मोठं यापेक्षा कुठे आहे

ओढण्याच्या बोटींचे ढोबळ चार प्रकार आहेत.

पहिला, इंजिन बोटीच्या मधोमध आणि पंखा तळाखाली. यालाच डायरेक्ट ड्राइव्ह म्हणतात. वजन मध्यभागी असल्यामुळे बोट पाण्यावर सपाट बसते, वेक लहान येतो. साधारण सहा मीटर लांबीच्या, ३०० हॉर्सपॉवरच्या आसपास इंजिन असलेल्या या बोटी वॉटर स्कीच्या स्पर्धांसाठीच बनतात. करेक्ट क्राफ्टची स्की नॉटिक, मलिबूची रिस्पॉन्स आणि रॉब शर्ली यांनी १९६८ मध्ये टेनेसीत सुरू केलेल्या मास्टरक्राफ्टच्या बोटी ही त्यातली मोठी नावं. पंखा बोटीच्या पोटाखाली लपलेला असतो, म्हणून पाण्यातल्या माणसासाठी हा प्रकार त्यातल्या त्यात सुरक्षित. मात्र जुन्या, कमी ताकदीच्या डायरेक्ट ड्राइव्ह बोटी साठ-पासष्टच्या पुढे धापा टाकतात. वजनदार खेळाडूंना त्या पुरत नाहीत.

दुसरा, मागे लटकवलेलं आउटबोर्ड इंजिन. आपल्या किनाऱ्यावर हेच सगळ्यांच्या ओळखीचं. हलका, सपाट तळ आणि त्यावर २०० हॉर्सपॉवर किंवा अधिकचं आउटबोर्ड, असा मेळ जमला तर अनवाणी खेळासाठी ही फार उत्तम बोट ठरते. उचल जबरदस्त, वरचा वेग भरपूर. मास्टरक्राफ्टने 'बेअरफूट २००' नावाची बोट खास या खेळासाठीच काढली होती, तीही आउटबोर्डवर चालणारी. तोटा एकच पण मोठा : पंखा अगदी मागे, उघडा. पाण्यातल्या माणसाजवळ जाताना इंजिन बंदच करायचं, नुसतं न्यूट्रल चालत नाही.

तिसरा प्रकार, इंजिन आत आणि पंख्याचा भाग बाहेर मागे. याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात. घरच्यांना फिरवायला ही बोट छान. पण मागचा भाग जड, वेक मध्यम ते मोठा आणि पंखा इथेही मागे उघडाच. शिकायला चालून जाईल, खास या खेळासाठी म्हणून घेऊ नये.

चौथा प्रकार म्हणजे व्ही-ड्राइव्ह. इंजिन मागच्या बाकाखाली, शिवाय पाणी भरून वजन वाढवायच्या टाक्या. या बोटी वेकबोर्ड आणि वेकसर्फसाठी बनवतात. त्या खेळांना मोठी लाट हवी असते आणि बोट ती मुद्दाम उठवते. म्हणजे अनवाणी खेळाडूला जे नको, नेमकं तेच. आज नव्या, चकचकीत आणि सगळ्यात महागड्या टो-बोटी पाहाल तर बहुतेक याच प्रकारच्या निघतील. आखातातून कुणी "एकदम लेटेस्ट बोट स्वस्तात मिळतेय" असा फोन केला, तर आधी विचारा की तिचं इंजिन कुठे आहे. चांगली बोट आणि या कामासाठी चांगली बोट यात फरक असतो.

दोरी कुठे बांधतात?

दोरी बोटीच्या मधोमध असलेल्या मजबूत खांबाला बांधतात, त्याला पायलॉन म्हणतात. कारण सोपं आहे. खेळाडू जोरात एका बाजूला गेला आणि दोरी अगदी मागे बांधलेली असली, तर बोटीचं बूड त्या बाजूला खेचलं जातं आणि बोट वळते. मधल्या खांबामुळे बोट सरळ राहते. तळाला बसवलेले लहान पंख, म्हणजे फिन, यालाच मदत करतात. हा खांब बोटीच्या मूळ सांगाड्याला बोल्टने जोडलेला असावा. बाकाच्या कडीला, रेलिंगला किंवा आउटबोर्ड इंजिनालाच दोरी बांधायची आपल्याकडची जुगाडी पद्धत या वेगाला अजिबात चालणार नाही. कडी उखडली तर ती दोरीबरोबर खेळाडूच्या दिशेने सुटते. दोरीही कमी ताणली जाणारी हवी. रबरासारखी ताणणारी दोरी सुटली की उलट फिरून बोटीतल्यांना लागते.

शिकणाऱ्यांसाठी मात्र सगळ्यात महत्त्वाचं साधन वेगळंच आहे, बूम. हा बोटीच्या बाजूला आडवा काढलेला दणकट दांडा. एक टोक पायलॉनला, आणि तारेने पुढे नाळेकडे ताण दिलेला. शिकणारा हा दांडा धरून बोटीच्या शेजारीच घसरतो. तिथे बोटीच्या लाटा अजून पोहोचलेल्या नसतात, पाणी कोरं असतं. शिकवणारा दोन हातांवर बसून बोलून सांगू शकतो, "गुडघे वाकव, बोटं वर." म्हणून बोट घेताना तिला बूम बसवता येतो का, नाळेची कडी पक्की आहे का, हे जरूर विचारा. बूमवर माणूस असला की बोट त्या बाजूला कलते. तेव्हा दुसरा माणूस विरुद्ध बाजूला बसवून तोल साधतात.

वेग धरून ठेवणारी बोट

खेळाडू वळला की बोटीवर ओढ येते आणि वेग पडतो. चालकाने घाबरून थ्रॉटल जास्त दिलं की एकदम वाढतो. अनवाणी खेळात दोन-तीन किलोमीटरचा फरकही तळव्यांना लगेच कळतो. नव्या स्की बोटींत जीपीएसवर चालणारी वेग-नियंत्रण यंत्रणा असते, चालकाने आकडा टाकायचा आणि यंत्रणा तो धरून ठेवते. जुन्या बोटींना परफेक्ट पाससारखी यंत्रणा नंतरही बसवता येते. तेवढं बजेट नसेल तर निदान वेगाचा काटा मोबाईलच्या जीपीएसशी ताडून बघा. जुने काटे पाण्याच्या दाबावर चालतात. त्यांच्या नळीत कचरा अडकला की ते चुकीचा वेग दाखवतात आणि बिचारा खेळाडू "मला जमत नाही" म्हणून हिरमुसतो.

जुनी बोट घेताना

नवी स्पर्धेची बोट आपल्यापैकी बहुतेकांच्या आवाक्याबाहेर आहे. आयात शुल्क, वाहतूक आणि सुटे भाग धरले की आकडा आणखी फुगतो. म्हणून व्यवहार बहुधा जुन्या बोटीचाच होणार. रंग आणि सीट कव्हर पाहून भुलू नका. या गोष्टी तपासा :

जमीन ठोकून बघा. जुन्या फायबर बोटींच्या तळात लाकडी आडवे-उभे वासे असतात. पाणी मुरून ते आतून कुजतात आणि वरून काहीच दिसत नाही. पाय ठेवला की जमीन दबते किंवा आवाज पोकळ येतो, तर सावध व्हा. इंजिन याच वाशांवर बसलेलं असतं. ते धरून ठेवणारे बोल्ट ढिले असतील तर लाकूड गेलं असं समजा.

आउटबोर्ड असेल तर ज्या मागच्या भिंतीवर ते टांगलंय ती तपासा. इंजिन हाताने वर-खाली हलवा. भिंत वाकत असेल किंवा कोपऱ्यांत तडे असतील तर ती बोट सोडून द्या.

इंजिनाचं तेल काढून बघा. ते दुधासारखं पांढरट झालं असेल तर आत पाणी शिरलंय. प्रत्येक सिलिंडरचा कॉम्प्रेशन मोजून घ्या. एकाचा आकडा बाकीच्यांपेक्षा बराच खाली असेल तर मोठा खर्च ठरलेला.

बोट खाऱ्या पाण्यात चालली असेल तर थंडाव्याच्या वाटा गंजलेल्या असू शकतात. रोज वापरानंतर गोड्या पाण्याने इंजिन धुतलं जायचं का, झिंकच्या वड्या वेळेवर बदलल्या का, हे विचारा आणि उत्तरावर विश्वास ठेवण्याआधी त्या वड्या स्वतः बघा.

आणि पेट्रोलचा हिशेब आधीच करा. मोठं इंजिन या वेगाला तासाला ४० लिटर आणि त्याहूनही जास्त पितं. बोट परवडली पण चालवणं परवडलं नाही, म्हणून शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहिलेली बोट ही वाया गेलेली कमाईच.

आपल्या किनाऱ्यावर हे कितपत बसतं?

इथे आम्हाला स्पष्ट बोलायचं आहे. अनवाणी खेळासाठी जी बोट उत्तम, ती उघड्या समुद्रात धोक्याची असते. तिचा तळ सपाटीकडे झुकलेला आणि कडा बुटक्या असतात, लाट सरळ आत येते. उलट समुद्रात टिकणारी बोट खोल तळाची, जड, उंच कडांची असते आणि मागे मोठा वेक सोडते. एकाच बोटीत दोन्ही गुण पूर्णपणे मिळत नाहीत. "समुद्रात पर्यटक फिरवू आणि त्याच बोटीवर अनवाणी स्कीइंगही करू" हा बेत म्हणूनच फसतो.

किनाऱ्यावर बनाना राइडसाठी ४०-६० हॉर्सपॉवरच्या बोटी सर्रास दिसतात. त्या कामाला त्या ठीक आहेत. पण भरलेली तशी बोट मागे माणूस घेऊन ताशी ६० चा वेग धरू शकत नाही. त्यावर उघड्या पायांचा प्रयोग करू नये. तिच्यावर पट्ट्यांवरचं साधं स्कीइंग शिका, तोच पहिला टप्पा आहे.

जागा हवी ती निवांत पाण्याची. या वेगात एक किलोमीटर एका मिनिटात संपतो, म्हणजे लांब, सरळ, पुरेसं खोल पाणी हवं. आत खडक, वाळूचे दांडे, जाळ्यांच्या दोऱ्या नकोत. खाडीत भरती-ओहोटीने खोली बदलते, जाळी लागलेली असतात, मच्छीमार बांधवांची ये-जा असते. त्यांच्या पोटापाण्याच्या वाटेत आपला खेळ येता कामा नये. मोठे जलाशय अधिक योग्य, पण तिथे जलसंपदा विभागाची परवानगी लागते. साताऱ्याजवळ मुनावळे इथे कोयनेच्या शिवसागर जलाशयावर जलपर्यटन सुरू झालं आहे, काश्मीरमध्ये दल आणि निगीन सरोवरांवर वॉटर स्कीइंग ओळखीचं आहे. वारा उठण्याआधीचं पाणी सगळ्यात चांगलं. फजरची नमाज झाली की निघा, ऊन चढेपर्यंत सराव उरका.

राजिवडा, मिरकरवाड्याचे तांडेल किंवा राजपुरीहून जंजिऱ्याला पर्यटक नेणारे होडीवाले यांना पाणी वाचता येतं. वारा कुठून फिरेल, ओहोटीला कुठे दांडा उघडा पडेल, हे त्यांना पुस्तकाशिवाय कळतं. आपल्या मुलांनी बोट घेतली तर अशा एखाद्या जाणत्या चाचांना चाचणीच्या दिवशी सोबत न्यावं. त्यांनी डायरेक्ट ड्राइव्ह कधी पाहिली नसेल, पण कुजलेला वासा त्यांच्या हाताला लगेच कळतो.

कायदा, प्रशिक्षण आणि उंट बांधणं

७ मे २०२३ ला केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात तानूरजवळ पर्यटकांची बोट उलटून २२ जणांचा जीव गेला. ती मुळात मासेमारीची बोट होती, बदल करून पर्यटकांसाठी वापरली जात होती. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबईत, इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट नियंत्रण सुटून 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली, त्यात १५ जण गेले. पहिली घटना सांगते की एका कामाची बोट दुसऱ्या कामाला जुंपू नये. दुसरी सांगते की वेगाची चाचणी गर्दीच्या पाण्यात करू नये. बोट घेताना तुम्हीही चाचणी घेणारच आहात, तेव्हा ती मोकळ्या पाण्यात घ्या.

किनाऱ्यावर आणि खाडीत व्यवसाय करायचा तर महाराष्ट्र मेरिटाइम बोर्डाची परवानगी लागते. अंतर्गत जलमार्गांवरच्या यांत्रिक बोटींना २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू आहे, त्यात नोंदणी, तपासणी आणि विमा येतो. गोव्यातल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ वॉटर स्पोर्ट्समध्ये पॉवरबोट चालवण्याचं आणि जीवरक्षणाचं प्रशिक्षण मिळतं. बोटीच्या किमतीपुढे त्याचा खर्च अगदीच किरकोळ.

बोटीवर चालकाशिवाय मागे तोंड करून बसणारा निरीक्षक हवाच. चालकाच्या मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेली हवी. खेळाडूने या खेळासाठीचा जाड, अस्तर लावलेला आणि पाण्यावर तरंगणारा सूट घालावा. पडल्यावर फासळ्यांना मार कमी बसतो. पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा सूटही मिळतो, त्यामुळे अंगभर कपड्यांचा आग्रह धरणाऱ्या बहिणींनाही हा खेळ परका वाटायचं कारण नाही. इंजिन चालू असताना मागच्या पायरीवर कुणी बसू नये. धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो, त्याला वासही नसतो.

मुलांना पोहायला शिकवा, ही शिकवण आपल्या घरांत पिढ्यानपिढ्या सांगितली जाते. आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, हेही आपण लहानपणापासून ऐकतो. बोटीच्या बाबतीत उंट बांधणं म्हणजे लाइफ जॅकेट, तपासलेला पायलॉन, बंद केलेलं इंजिन आणि खरी कागदपत्रं.

बयाणा देण्याआधी

शेवटी, पैसे हातावर ठेवण्याआधी विक्रेत्याला हे प्रश्न विचारा. माणूस ओढताना बोट ७० गाठते का, आत्ता दाखवता का? इंजिन कुठे आहे, पंखा कुठे आहे? पायलॉन कशाला जोडलाय? बूम बसतो का? जमिनीखालचे वासे कशाचे आहेत? नोंदणी कुणाच्या नावावर आहे, विमा चालू आहे का? सुटे भाग कुठून येतात आणि दुरुस्तीला माणूस कोण?

विक्रेता प्रत्येक वेळी हॉर्सपॉवरवरच येत असेल तर त्याला नम्रपणे सांगा, "भाई, एक चक्कर मारू, मी मागे तोंड करून बसतो." दोरीच्या टोकाला जो असेल त्याला ते मागचं पाणीच मिळणार आहे. ते सपाट आणि मऊ असेल तर पुढचं बोलणं करा. नसेल तर सलाम करून उठा. दुसरी बोट मिळेल.